सब्बतायोसचा खोटा दगड

आमच्या आळीत तोलणारे पुष्कळ होऊन गेले, पण "सब्बतायोसने तोललंय" म्हटल्यावर पुन्हा तराजू मागायची कुणाची टाप नव्हती. मागितलाच, तर लोक मागणाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघत. अलेक्झांड्रियाच्या पूर्वेला, समुद्राच्या अंगाला आम्हा ज्यूंची वस्ती. तिथे प्रार्थनाघराच्या भिंतीला चिकटून त्याचं दुकान आणि दुकानामागे घर होतं. लोबान, हिराबोळ, जिरं, केशर, मधात घोटलेली चाटणं, आणि मधोमध तराजू. दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याला उन्हात उभं राहावं लागे.

त्याच्याकडे वजनांचे दोन संच होते. एक ग्रीकांच्या द्रख्म्याचा, काशाच्या चकत्यांचा. दुसरा शेकेलचा, चुनखडीच्या दगडांचा. वर घुमटासारखे गोल, खाली सपाट आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेले. पणजोबाने ते यहूदाहून कमरेला बांधून आणले होते. शहरातल्या ग्रीकांना द्रख्म्याशिवाय चालत नसे आणि जहाजाने येणाऱ्या आपल्या माणसांना शेकेलशिवाय. दोघांच्या मध्ये सब्बतायोस बसलेला. या वजनाचं त्या वजनात करून देणं हेच त्याचं खरं काम होतं, आणि ते तो तोंडानेच करी.

याफाहून दर हंगामाला एक म्हातारी येई. दुकानात शिरतानाच तिचा पट्टा सुरू व्हायचा.

"त्या चकत्या ठेव तिकडे, सब्बा. माझ्या बापाने दगडाने घेतलं, मी दगडानेच घेणार."

"आजी, दगडाने घ्या नाहीतर चकत्यांनी घ्या, लोबान तेवढाच येणार."

"तेवढाच येतो, तर दगड उचलायला तुझे हात का दुखतात रे?"

तो हसत हसत दगड लावायचा. शेकेलचा एक दगड एका पारड्यात घातला, तर समोर शहरातले तीन द्रख्मा घालून वर चिमूटभर जिरं टाकावं लागे, तेव्हा कुठे काटा सरळ होई. हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. मूठभर हिराबोळ नुसता हातात घेऊन तो वजन सांगायचा आणि पोरं पैजा लावायची. तेवढा एकच गर्व त्या माणसाला होता. बाकी तो इतका भिडस्त, की कुणी पायावर पाय दिला तरी हाच माफी मागेल.

त्याची बायको मारियोन ही योनाथसची मुलगी. योनाथस प्रार्थनाघरात पोथी वाचायचा, ग्रीकमध्ये. कारण जुनी भाषा आता आमच्यात आज्यांनाच कळायची, आणि तीही शिव्या देण्यापुरती. बापाच्या मांडीवर बसून ऐकलेलं सगळं मारियोनला पाठ होतं. चुलीपाशी बसूनही तिचे ओठ हलत असायचे.

एका शब्बाथला, आमच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र वारी, सासरा जेवायला आला होता. थंड मसूर, मासा, पाव. त्या आठवड्याच्या वाचनात शेकेल आला होता, आणि जुन्या भाषेत जिथे शेकेल आहे तिथे ग्रीक पोथी दोन द्रख्मा म्हणते. योनाथस खुशीत होता.

"कसं सरळ आहे बघा, जावईबापू. आपल्या मिन्यात, म्हणजे मोठ्या वजनात, पन्नास शेकेल. ग्रीकांच्या मिन्यात शंभर द्रख्मा. पन्नासाला शंभर, म्हणजे एकाला दोन. यात तराजू हवाय कशाला?"

सब्बतायोसच्या तोंडून निघून गेलं, "मामा, पण दोन्ही मिने समोरासमोर पारड्यात घातले, तर आपला खाली जातो. नाव एक असलं तरी वजन एक नाही."

योनाथसचा हात पावावरच थांबला. "म्हणजे पोथी चुकली म्हणता?"

मारियोनने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. सब्बतायोसने ती पाहिली आणि हात झटकून हसला.

"पोथी कशी चुकेल, मामा? माझाच तराजू म्हातारा झाला असेल!"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मारियोन हसली. पोथी देवाला द्यायच्या पैशाबद्दल बोलते, औषधाच्या मात्रेबद्दल नाही, एवढं एक वाक्य त्याला पुढे बोलता आलं असतं. पण सासऱ्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय? त्याने माशाचा मोठा तुकडा सासऱ्याच्या पानात वाढला आणि विषय तिथेच मिटला.

त्यांना एकच मूल होतं. ईरीनी, सहा वर्षांची. बडबडी इतकी, की शेजारीण म्हणायची, हिला आमच्या मुक्या सुनेची वाचाही मिळालेली दिसते. त्या थंडीत आळीभर खोकल्याची साथ आली आणि ईरीनीही खोकू लागली. तेवढ्यात सब्बतायोसला शेदियाच्या कालव्यावरून बोलावणं आलं. वरच्या प्रांतातून डिंकाचा माल आला होता आणि तिथले ग्रीक कारकून सब्बतायोसशिवाय कुणाचं वजन मानत नसत. तीन दिवसांचं काम होतं. पोरीचा ताप उतरलेला पाहून तो निघाला. कारकुनांचं काम म्हणून काशाच्या चकत्यांचा सगळा संच त्याने बरोबर घेतला. दगड घरी राहिले.

तो गेला आणि खोकला वाढला. पोर दिवसभर खोकून निळी पडायला लागली, तेव्हा मारियोनने निकानोर वैद्याला बोलावलं. निकानोर ग्रीक होता, पण माणूस चांगला; आमच्या आळीत यायला नाक मुरडत नसे. त्याने छातीला कान लावला आणि सांगितलं, "खसखशीच्या चिकाचं चाटण तुमच्याच दुकानात आहे. दोन द्रख्मा सकाळी, दोन द्रख्मा संध्याकाळी. मात्र तोलून द्या, अंदाजाने नको. ही वस्तू वाईट आहे."

मारियोनने अंदाजाने दिलं नाही. तिने दुकान उघडलं. चकत्या नाहीत असं पाहून कापडातले दगड सोडले, शेकेलचा एक दगड पारड्यात ठेवला आणि काटा अगदी सरळ होईपर्यंत समोर चाटण घातलं. एक शेकेल म्हणजे दोन द्रख्मा. हे तिला कुणाला विचारावंच लागलं नाही. पहिल्या संध्याकाळी दिलं, दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा दिलं आणि तिसऱ्या सकाळीही दिलं. प्रत्येक वेळी काटा सरळ होता.

सब्बतायोस तिसऱ्या दिवशी दुपारी परतला. मारियोन दारातच ओठांवर बोट ठेवून उभी होती. दोन रात्री जागलेला तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"हळू या. झोपलीये. कालपासून खोकला नाही बघा, अहो. चाटणाने गुण आला."

वहाणा काढेपर्यंत तोही आनंदात होता. मग ओट्यावरचा तराजू त्याला दिसला. एका पारड्यात दगड तसाच होता आणि दुसऱ्याला मध चिकटलेला.

"किती दिलंस?"

"निकानोरने सांगितलं तेवढंच. दोन द्रख्मा."

"तोललंस कशाने?"

"दगडाने. चकत्या तुम्ही नेल्या ना. एक शेकेल."

तो आत धावला. पोरीचे ओठ निळे पडले होते आणि एका श्वासानंतर दुसरा येईपर्यंत जीव टांगणीला लागत होता. त्याने तिला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, उचलून अंगणात फिरवलं, गालात चापटी मारली. जिच्या अंगावर तो कधी आवाजही चढवत नसे, तिला तो "ऊठ, ऊठ म्हणतो ना!" म्हणून ओरडत होता. निकानोर धावत आला. नाकाशी व्हिनेगर धरलं, तळपाय चोळले. दिवे लागायच्या आत ईरीनी गेली.

निकानोर भिंतीला टेकून म्हणाला, "मी सांगितलेल्या मात्रेने असं होत नाही. होत नाही." आणि मान खाली घालून निघून गेला.

मारियोनने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती अजून रडली नव्हती. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "मी बरोबर तोललं ना? अहो, सांगा ना. मी बरोबर तोललं ना?"

खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. शेकेल म्हणजे तीन द्रख्म्यांहून जास्त. तू दर वेळी दीडपटीहून जास्त दिलंस. पोथीतलं माप घेऊन तू आपल्या पोरीला मारलंस. हे ऐकून ही बाई जगणार नाही, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि जगलीच, तर बापाच्या तोंडचा एकही शब्द तिला पुन्हा उच्चारता येणार नाही. शब्बाथच्या पानावर गिळलेलं ते वाक्य त्याला आठवलं. दोष कुणाचा असेलच तर तो माझा, असं त्याला वाटलं, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

"तू बरोबर तोललंस," तो म्हणाला. "दगड खोटा आहे. गेल्या वर्षी त्याचं बूड फुटलं होतं, मी शिसं ओतून भरला. जास्त भरलं गेलं. घासून कमी करीन म्हणत होतो, राहून गेलं."

मारियोनने पोरीचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"घरात खोटा दगड ठेवलात?"

"हो."

"माझी मुलगी असलेल्या घरात?"

"हो."

मग ती रडली. तिचं रडणं चौथ्या घरापर्यंत ऐकू गेलं. "अहो" हा शब्द त्यानंतर त्याने तिच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी मूठमाती दिली आणि कपडे फाडून दोघं सात दिवसांच्या सुतकाला जमिनीवर बसली. भेटायला येणाऱ्या बायकांना मारियोन एकच सांगत होती, "दगड खोटा होता. यांना ठाऊक होतं." आळीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. खोटं वजन आणि तेही सब्बतायोसकडे! प्रार्थनाघराचे वडीलधारी हेल्कियास यांनी निरोप पाठवला: पाचव्या दिवशी येऊन दगड तपासतो.

आणि दगड तर खरा होता. आळीत त्याच्याइतका खरा दगड नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी, बायका मारियोनला आंघोळीला घेऊन गेल्या तेव्हा, सब्बतायोस परसात गेला. सुतकात काम करायचं नसतं. त्याने काम केलं. तो सुपारीएवढा दगड गुडघ्यांत दाबून त्याच्या बुडाला अरीने भोक पाडलं, कोळ्यांच्या जाळ्याचं शिसं पळीत वितळवलं आणि ओतलं. पणजोबाच्या हाताचा दगड होता तो. खोटं कामसुद्धा ओबडधोबड करायला त्याच्या हातांना जमेना. शिशाचं बूड त्याने इतकं सपाट केलं, की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. काम करताना तो रडत होता, आणि रडणं पोरीसाठी की दगडासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

हेल्कियास आले ते स्वतःचा दगड घेऊन. म्हाताऱ्यानेही उमेदीच्या वयात औषधांचा व्यापार केला होता. मारियोन आतल्या खोलीत बायकांत बसली होती. त्यांनी दोन्ही दगड दोन पारड्यांत ठेवले. सब्बतायोसचं पारडं खाली गेलं. म्हाताऱ्याने "हं" केलं, दगड उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला आणि मग आवाज खाली आणून म्हटलं,

"गेल्या वर्षीचं शिसं काळं पडतं, सब्बा. हे अजून चकाकतंय."

सब्बतायोसने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"वैद्याने किती सांगितलं होतं?"

"दोन द्रख्मा."

"आणि तिने काय लावलं?"

"एक शेकेल."

व्यापारी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. हेल्कियास मटकन जमिनीवर, त्याच्या शेजारी बसले. आतून बायकांचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

"तिला माहीत आहे?"

"नाही. कळूही द्यायचं नाही, काका."

"अरे, मी आता बाहेर जाऊन काय सांगायचं, कळतंय का तुला? खोटं माप ठेवणाऱ्याला आपल्यात थारा नाही. तराजूला तुझा हात पुन्हा लागणार नाही. तुझ्या बापाचं नाव..."

"माझी मुलगी गेलीय, काका. बापाचं नाव घेऊन मी काय करू?"

"आणि उद्या दुसरी कुणी आई पोथी ऐकून असंच तोलेल, तिचं काय?"

"म्हणून तर म्हणतो, बोभाटा करा. घरी कुणी औषध तोलायचं नाही, वैद्याच्या समोर त्याच्याच वजनाने तोलून घ्यायचं. नाहीतर सब्बाच्या घरी झालं तसं होईल, असं प्रत्येक घरी जाऊन सांगा. माझ्या नावाने सांगा. लोक ऐकतील."

हेल्कियास यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी सत्तर वर्षांत कुणाला खोटी शिक्षा दिली नव्हती रे," ते म्हणाले. मग भिंतीला धरून उठले आणि दारात जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की दगड खोटा निघाला.

ते चार वर्षांनी वारले. जाईपर्यंत त्यांनी शब्द पाळला.

दुकान गेलं. सब्बतायोस बंदरावर फाटक्या गोण्या शिवायला लागला. दाभण आणि सुतळी. तिथे वजनाशी संबंध नाही. आधी आधी हमाल चिडवायचे, "सब्बा, ही गोण किती भरेल रे? शिशासकट सांग!" तो मान वर करत नसे. मग हमालांनाही कंटाळा आला. याफाची म्हातारी एकदा मुद्दाम वाट वाकडी करून आली. "पैज लावून सांगायचे मी लोकांना तुझ्याबद्दल," ती म्हणाली आणि गेली. त्या दिवशी त्याने सुई तीनदा बोटात घुसवून घेतली.

मारियोन त्याला सोडून गेली नाही. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, तापात कपाळावर ओला फडका ठेवायची. पण त्याच्या हातचं माप तिने घरात चालू दिलं नाही. मीठ तीच घालायची, पीठ तीच काढायची. तो चुकून मिठाच्या मडक्याकडे वळला, तर ती न बोलता मडकं उचलून आपल्याकडे घ्यायची. ज्याचा हात डोळे मिटून वजन सांगायचा, त्याने नंतर मीठ कधी मागितलं नाही. अळणी असेल तर अळणी खाल्लं.

योनाथसनंतर दुसरा वाचक आला. एका शब्बाथला शेकेलचं तेच वाचन निघालं. बायकांच्या बाजूला मारियोन बसली होती. पुरुषांत मागे उभा असलेला सब्बतायोस तिच्याकडे बघत होता. वाचक म्हणाला, दोन द्रख्मा. घरी येताना मारियोनचा चेहरा कित्येक वर्षांत पहिल्यांदा निवळलेला होता.

"बाबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं," ती आपणहून म्हणाली. "सगळं गेलं. तेवढं मात्र खरं राहिलं."

"हो," तो म्हणाला. त्याआधी कधीकधी, फार जड झालं म्हणजे, सांगून टाकावं असं त्याच्या मनात यायचं. त्या दिवसानंतर ते आलं नाही.

एकोणीस वर्षं गेली. मारियोनच्या पायांना सूज आली, मग पोटाला आली आणि ती अंथरुणाला खिळली. सब्बतायोसने गोण्यांचं काम सोडलं. एका सकाळी, तो तिच्या पायांना तेल चोळत असताना, ती म्हणाली,

"इकडे बसा. एक बोलायचंय."

तो उशाशी जाऊन बसला.

"रोजच्या प्रार्थनेत मी म्हणायचे, देवा, याला क्षमा करायचं बळ दे. एकोणीस वर्षं दिलं नाही त्याने. आज पहाटे जाग आली, तेव्हा मनात राग शोधून पाहिला. सापडला नाही." ती दम घ्यायला थांबली. "दगडाची क्षमा केली मी तुम्हाला. कुठलंही ओझं घेऊन जायचं नाहीये मला. घेतलीत ना क्षमा?"

"घेतली," तो म्हणाला.

तिने त्याचा हात हातात घेतला. ईरीनी गेल्यापासून पहिल्यांदा. मग वर छताकडे बघत, पोरीसारखी भीत भीत म्हणाली,

"अहो, पण माझ्याकडून तर काही चुकलं नव्हतं ना?"

या प्रश्नाची तयारी त्याने एकोणीस वर्षं केली होती, म्हणून त्याचा आवाज हलला नाही.

"नाही गं. तुझं माप बरोबर होतं."

"मी काटा चारही वेळा नीट पाहिला होता."

"ठाऊक आहे मला."

तिने डोळे मिटले आणि तिला झोप लागली. दोन दिवसांनी ती गेली. सुतकाला भेटायला आलेल्या बायका सब्बतायोसला धीर देत म्हणाल्या, की मारियोन फार मोठ्या मनाची. एवढं होऊनही तिने तुम्हाला क्षमा केली. तो जमिनीवर बसून प्रत्येकीला मान हलवून हो म्हणत होता.